एका अक्षराचा आजार

काचेच्या या छोट्या नळीमागे धरलेला कागद नीट पाहा. त्यावर काळ्या शाईने जाड रेषा आखलेल्या आहेत. बोटाच्या टोकातून घेतलेला रक्ताचा थेंब नळीतील द्रावणात मिसळायचा, काही मिनिटे थांबायचे आणि नळीतून पलीकडच्या रेषा दिसतात की नाही, एवढेच पाहायचे. रेषा स्पष्ट दिसल्या तर चिंता नाही. द्रावण गढूळ होऊन रेषा झाकल्या गेल्या, तर त्या रक्तात सिकलसेलचे हिमोग्लोबिन आहे. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार या भागांत अनेक मुलांची या आजाराशी पहिली गाठ अशा सोल्युबिलिटी चाचणीतूनच पडली आहे. ही चाचणी स्वस्त आहे आणि कुठेही करता येते. मात्र मूल आजाराचे केवळ वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करावी लागते, आणि मग विदर्भातल्या कित्येक घरांत ओळखीचे झालेले शब्द कागदावर येतात: ‘एएस पॅटर्न’, म्हणजे वाहक, ‘एसएस पॅटर्न’, म्हणजे रुग्ण.

या दोन शब्दांमधला फरक आयुष्यभराचा आहे. वाहक व्यक्ती सहसा निरोगी आयुष्य जगते. रुग्णाच्या लाल पेशी मात्र प्राणवायू कमी होताच विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्या भागाचा रक्तपुरवठा तोडतात. हाडांतून उठणारी ती असह्य कळ ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना ‘क्रायसिस’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

हे सारे घडते ते एका अक्षरामुळे. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे, म्हणजे ए, टी, जी, सी या नावांनी ओळखले जाणारे डीएनएचे घटक, आहेत. त्यांपैकी अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिनच्या जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ आले, की हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ म्हटले. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये नेमका कोणता घटक बदलला आहे, हे दाखवून दिले. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आणखी एक गोष्ट उघड केली: वाहकांना मलेरियापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. मलेरियाग्रस्त जंगलपट्ट्यांत हा बदल पिढ्यान्‌पिढ्या का टिकून राहिला, याचे उत्तर त्यात आहे. आदिवासी समाजाकडे बोट दाखवून ‘यांच्या रक्तातच दोष आहे’ असे कोणी म्हणत असेल, तर त्याला हे ठामपणे सांगायला हवे की याच बदलाने त्यांच्या असंख्य पूर्वजांचे प्राण वाचवले आहेत.

निदानाच्या क्षेत्रात या ज्ञानाचा उपयोग लवकर झाला. वाय. डब्ल्यू. कान आणि आंद्रे डोझी यांनी १९७८ मध्ये गर्भजलातील पेशींच्या डीएनएवरून सिकलसेलचे निदान करता येते हे दाखवले. कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेला ‘पीसीआर’ हा शब्दही याच वाटेवरचा आहे. १९८५ मध्ये ते तंत्र पहिल्यांदा प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचा उपयोग सिकलसेलच्याच निदानासाठी करून दाखवलेला होता.

औषधाचा रस्ता मात्र फार लांबचा निघाला. चुकलेले अक्षर ठाऊक असूनही कित्येक दशके हाती काही ठोस लागले नाही. वाट दाखवणारी खूण बरीच आधी मिळाली होती, पण तिचा अर्थ लागत नव्हता. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात काम करणाऱ्या डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये नोंदवले होते की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात वाकड्या पेशी अगदी थोड्या असतात. बाळ पोटात असताना त्याचे हिमोग्लोबिन वेगळे असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते मागे पडते आणि प्रौढ हिमोग्लोबिन त्याची जागा घेते. आजार डोके वर काढतो तो त्यानंतर. म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या शरीरात त्याचे स्वतःचे औषध तयार करणारे जनुक आहे, फक्त ते बंद केलेले आहे. ते बंद कोण करते?

या प्रश्नाचे उत्तर एकाच जनुकाकडे टक लावून बसल्याने मिळाले नसते. काही माणसांच्या रक्तात हे गर्भकालीन हिमोग्लोबिन मोठेपणीही थोडे जास्त टिकते. अशा माणसांचा आणि इतरांचा संपूर्ण जनुकसंच लाखो ठिकाणी ताडून पाहणारे अभ्यास २००७ आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात युरोपातील निरोगी माणसे होती, इटलीच्या सार्डिनिया बेटावरचे रहिवासी होते आणि आफ्रिकी वंशाचे अमेरिकन रुग्णही होते. सगळ्यांच्या उत्तरांत एक अनपेक्षित नाव आले: बीसीएल-११-ए. हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर नाही, दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. रक्ताचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही तिथे शोधायचे सुचले नसते. बोस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन, विजय शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लगेच दाखवून दिले की या जनुकाचा जोर कमी केला, की बंद पडलेले गर्भकालीन हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते.

पण ते जनुक मेंदूच्या आणि रोगप्रतिकारक पेशींच्या वाढीलाही लागते, त्यामुळे ते सरसकट बंद करणे धोक्याचे होते. २०१३ मध्ये त्या जनुकाच्या आतच एक छोटा तुकडा सापडला, जो केवळ लाल पेशी घडताना त्याला चालना देतो. संपूर्ण घराची वीज न तोडता एकाच खोलीचा दिवा मालवण्याची कळ हाती आली होती.

‘कॅसजेव्ही’ हा उपचार याच कळीवर उभा आहे. रुग्णाच्या रक्तातील, रक्तपेशी घडवणाऱ्या मूळ पेशी वेगळ्या काढतात, प्रयोगशाळेत क्रिस्पर या डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्राच्या साहाय्याने तो तुकडा कापतात, आणि बुसल्फान या तीव्र औषधाने जुना अस्थिमज्जा रिकामा केल्यावर त्याच पेशी त्याच रुग्णाला परत देतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. ज्यांचे निरीक्षण पुरेसा काळ झाले होते, अशा ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर एकही तीव्र क्रायसिस आला नाही. व्यक्तीनुसार उपचार म्हणतात तो इथे शब्दशः खरा आहे: एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली.

हा आकडा ऐकून मान खाली घालून गप्प बसावे, असे मात्र नाही. भारतातील बहुतेक रुग्णांमध्ये हा बदल ‘अरब-भारतीय’ नावाच्या जनुकीय पार्श्वभूमीवर आढळतो, आणि त्यांच्यात गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण आफ्रिकी रुग्णांपेक्षा मुळातच अधिक असते. म्हणून आपला आजार सौम्य, असा समज दीर्घकाळ होता. नागपूरच्या डॉक्टरांनी विदर्भातील मुलांचा आजार चांगलाच तीव्र असू शकतो, हे नोंदींनिशी दाखवले. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हायड्रॉक्सियुरिया हे गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढवणारे जुने, स्वस्त औषध किलोमागे केवळ १० मिलिग्रॅम दिले आणि मुलांचे क्रायसिस लक्षणीय घटले. पाश्चात्त्य देशांत ही मात्रा वाढवत बरीच वर नेतात. आपल्या माणसांच्या जनुकांकडे पाहून आपल्या माणसांची मात्रा ठरवणे हे जनुकशास्त्राचेच काम आहे, आणि माझ्या मते ते कोणत्याही महागड्या उपचाराइतकेच मोलाचे आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले; १७ राज्यांतील ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्र संशोधन संस्थेने विकसित केलेला क्रिस्परवर आधारित उपचार ‘बिरसा १०१’ या नावाने जाहीर झाला, आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्यात आले. बिरसा मुंडा यांचे नाव त्याला दिले आहे, कारण या आजाराचा भार सर्वाधिक आदिवासी कुटुंबे वाहतात.

तो उपचार चाचण्यांचे टप्पे ओलांडून रुग्णालयांत येईपर्यंत एटापल्लीच्या किंवा धडगावच्या मुलासाठी औषध म्हणजे हायड्रॉक्सियुरियाची रोजची कॅप्सूल, फॉलिक ॲसिडची गोळी, भरपूर पाणी आणि पांढऱ्या पेशी फार उतरल्या नाहीत ना, हे पाहण्यासाठी ठरावीक काळाने केलेली रक्ततपासणी. त्यासाठी आई मुलाला घेऊन सकाळच्या पहिल्या एसटीने तालुक्याला येते.