आकडा नेमका कशाचा?

डीएनए मोजण्याची आपल्या प्रयोगशाळांत सर्वांत रुळलेली रीत अतिनील प्रकाशाची आहे. एक-दोन मायक्रोलिटरचा थेंब यंत्राच्या टोकावर ठेवायचा, दांडा खाली आणायचा, की काही सेकंदांत पडद्यावर आकडा येतो. 260 नॅनोमीटरला एक सेंटिमीटर मार्गात शोषण 1 आले, तर मिलिलिटरमागे दुपदरी डीएनए 50 मायक्रोग्रॅम किंवा आरएनए 40 मायक्रोग्रॅम धरतात. पण यंत्राला रेणू ओळखता येत नाही. प्रकाश किती अडला, एवढेच त्याला कळते.

मी शिकाऊ असताना यकृताच्या ऊतीतून काढलेल्या डीएनएवर 48 नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर असा आकडा आला. 260 आणि 280 नॅनोमीटरच्या शोषणाचे गुणोत्तर 1.97 होते, म्हणजे प्रथिने नाहीत, म्हणून मी निश्चिंत झालो. पुढची अभिक्रिया फसली, तेव्हा दुपदरी डीएनएलाच चिकटून चमकणाऱ्या रंगद्रव्याने तीच नळी पुन्हा मोजली आणि 11 आले. आरएनए नष्ट करणाऱ्या विकराची पायरी माझ्याकडून राहून गेली होती. शुद्ध डीएनएचे गुणोत्तर 1.8 च्या आसपास आणि आरएनएचे 2.0 च्या आसपास असते, तो 1.97 मला हेच सांगत होता, मी ते वाचले नव्हते.

डीएनएच्या प्रती फेरीफेरीने वाढवत मोजणाऱ्या पीसीआरमध्ये चूक याहून खोल दडते. ठरलेल्या पातळीपर्यंत चमक पोहोचायला लागलेल्या फेऱ्या म्हणजे सीटी मूल्य. प्रत्येक फेरीत रेणू दुप्पट होतात असे आपण गृहीत धरतो. पण ते 1.9 पटच झाले, तर 30 फेऱ्यांनंतर साडेचार पटींहून अधिक तफावत पडते. रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनमुळे ही अभिक्रिया मंदावते, म्हणूनच पीसीआरसाठीचे रक्त हेपारिनच्या हिरव्या झाकणाच्या नव्हे, तर जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घ्यावे लागते. कोविडच्या काळात दोन प्रयोगशाळांची सीटी मूल्ये शेजारी ठेवून आजार वाढला की उतरला हे ठरवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्यांची घालमेल आठवली की वाटते, हे तेव्हाच समजावून सांगायला हवे होते: वेगळे किट, वेगळा जनुकभाग, स्वॅब घेणारा वेगळा हात, मग त्या आकड्यांची तुलना व्हावी कशी?

डिजिटल पीसीआरमध्ये नमुना सुमारे 20,000 थेंबांत विभागून किती थेंब रिकामे राहिले यावरून संख्या काढतात, त्यामुळे प्रमाण वक्राची, म्हणजे ज्ञात नमुन्यांवरून आखलेल्या आलेखाची, गरज उरत नाही. तरीही नमुन्यातून वेगळे काढताना वाया गेलेले, किंवा डीएनएत रूपांतरच झाले नाही असे आरएनए या मोजणीतही येत नाही.

विषाणूभार, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, मोजताना म्हणूनच सर्वांनी एकाच ज्ञात नमुन्याशी ताडून पाहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 1997 मध्ये हेपॅटायटिस सी विषाणूच्या आरएनएसाठी असे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरवले आणि अहवालांत आंतरराष्ट्रीय एकके आली. एचआयव्हीच्या दोन मोजण्यांतील तिपटीहून कमी फरक साधारणपणे खरा बदल मानत नाहीत, आणि रुग्णाला 400 नंतर 700 प्रती आल्याचे सांगताना मी हे त्याच वाक्यात सांगतो.