मातीत औषध शोधणारी माणसं

नमस्कार मंडळी. जूनमध्ये पहिली सर पडली की आपल्या पुण्यात जो मातीचा वास सुटतो ना, तो बराचसा स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंमुळे येतो, ते जिओस्मिन नावाचं रसायन बनवतात. आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्या सेलमन वाक्समन यांनी अख्खी हयात याच जातीच्या जिवाणूंमागे घालवली.

जन्म 1888 चा, युक्रेनमधला. 1910 मध्ये अमेरिकेला गेले, रटगर्सच्या शेती कॉलेजात शिकले आणि तिथेच प्रोफेसर झाले. शेणखत कुजतं कसं, मातीत कोण कोण राहतं हेच वर्षानुवर्षं बघत होते, औषधबिषध डोक्यातही नव्हतं. मग 1939 मध्ये त्यांचाच जुना विद्यार्थी रेने द्युबो यानं मातीतल्या जिवाणूपासून रोगजंतू मारणारा पदार्थ काढला आणि वाक्समननी सगळी लॅब त्या कामाला जुंपली.

काम म्हणजे काय, तर चिमूटभर माती पाण्यात कालवायची, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करायचं, अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या प्लेटवर पसरायचं आणि वाट बघायची. काही दिवसांनी या जिवाणूंचे खडूच्या भुकटीसारखे कोरडे ठिपके उठतात. त्यांच्याशेजारी रोगजंतू वाढवायचे, ठिपक्याभोवती मोकळी कड दिसली, म्हणजे तिथे रोगजंतू वाढलेच नाहीत, तर पुढे जायचं, नाहीतर दुसरी माती घ्यायची. हजारो वेळा हेच!

1943 मध्ये तळघरातल्या लॅबमध्ये काम करणाऱ्या अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याला खत घातलेल्या शेताच्या मातीत स्ट्रेप्टोमायसिन हे औषध देणारा जिवाणू मिळाला. टीबीवर पेनिसिलिन चालत नव्हतं, हे चाललं. पण 1952 चं नोबेल एकट्या वाक्समनना मिळालं. शॅट्झ त्याआधीच कोर्टात गेला होता, तिथे तडजोड होऊन सहसंशोधक म्हणून त्याचं नाव मान्य झालं. मला हे फार खटकतं, प्लेटवर डोळे लावून बसलेल्या पोराला आपल्या कामाचं श्रेय मागायला वकील का लागावा?

आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर पिंपरीकडे बघा. 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कंपनी सुरू झाली, तिथे डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिनापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं. त्या कारखान्यात नोकरी केलेले आजी-आजोबा अजून आपल्या आसपास आहेत, तर मायक्रोबायोलॉजी शिकणाऱ्या मुलामुलींनो, त्यांना गाठा, लॅबमध्ये कुणी काय काम केलं ते विचारा आणि नावांसकट लिहून ठेवा.