गाभ्यावरचे कवच

(दृश्य : अंधारी खोली. अतिनील दिव्याखाली शेजारी ठेवलेल्या दोन कुप्या.)

या दोन्ही कुप्यांमध्ये कॅडमियम सेलेनाइडचे क्वांटम डॉट, म्हणजे काही नॅनोमीटर आकाराचे, प्रकाश देणारे स्फटिककण आहेत. दोन्हींतील कण एकाच फ्लास्कमध्ये वाढलेले आहेत आणि त्यांच्यावर पडणारा अतिनील प्रकाशही एकच आहे. तरीही डावीकडची कुपी मंद, मळकट नारिंगी दिसते, तर उजवीकडची इतकी उजळली आहे की ती हातात धरणाऱ्या विद्यार्थिनीच्या हातमोज्यांवर तिचा रंग उतरला आहे. फरक एवढाच, की उजवीकडच्या कणांवर झिंक सल्फाइडचे कवच चढवलेले आहे आणि त्या कवचाची जाडी एका नॅनोमीटरहूनही, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाहूनही, कमी आहे.

(दृश्य : तीन तोंडांचा फ्लास्क, हीटिंग मँटल, तापमापक.)

कवच चढवायचे तर आधी गाभा, म्हणजे आतला कॅडमियम सेलेनाइडचा कण, तयार व्हावा लागतो. फ्लास्कमध्ये तांबूस-तपकिरी कॅडमियम ऑक्साइड, ओलिइक आम्ल आणि ऑक्टाडेसिन नावाचे, उच्च तापमानालाही न उकळणारे द्रावक घेतले आहे. आतली हवा आधीच काढून टाकून तिच्या जागी आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरला आहे, कारण या तापमानाला ऑक्सिजन आत राहिला तर पुढचे सगळेच बिघडते. तापमान वाढत जाते तसा तपकिरी गाळ विरघळू लागतो आणि काही वेळाने फ्लास्कमध्ये पाण्यासारखा नितळ, रंगहीन द्रव उरतो. आता सिरिंजमधून सेलेनियमचे द्रावण आत जाईल, आणि ते थेंबाथेंबाने नव्हे, तर एका दमात गेले पाहिजे.

(दृश्य : सिरिंज रिकामी होते. द्रव पिवळा, मग नारिंगी, मग लाल.)

सिरिंज रिकामी होताच द्रावणात असंख्य बीजकण, म्हणजे स्फटिकांची इवली सुरुवात, एकाच वेळी जन्म घेतात. थंड द्रावण आत आल्यामुळे तापमान उतरते, नवे बीजकण तयार होणे थांबते आणि जे जन्मले आहेत तेवढेच पुढे वाढत राहतात. सगळ्या कणांचा आकार जवळजवळ सारखा ठेवण्याचे रहस्य या एका क्षणात आहे. पडद्यावर पिवळ्यापासून लालपर्यंत सरकणारा रंग म्हणजे कणांची वाढ आहे. पदार्थ तोच राहतो, रासायनिक सूत्र तेच राहते, केवळ व्यास बदलतो. सुमारे दोन नॅनोमीटरचा कण निळसर प्रकाश देतो आणि सहाच्या आसपास पोहोचलेला कण लाल.

हे ज्ञान तीन ठिकाणी आकाराला आले. सोव्हिएत संघात अलेक्सेय एकिमोव्ह यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी काचेत वाढवलेल्या कॉपर क्लोराइडच्या स्फटिकांमध्ये, आणि अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लुई ब्रस यांनी द्रावणात तरंगणाऱ्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांमध्ये, आकारानुसार प्रकाशीय गुणधर्म बदलतात हे दाखवले. त्यानंतर १९९३ मध्ये अमेरिकेतल्याच एमआयटी या संस्थेत मौंगी बावेंडी यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह गरम द्रावणात सिरिंजने रसायन सोडण्याची ही पद्धत प्रसिद्ध केली. तिघांना मिळून २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या वेळच्या बातम्यांत आकार आणि रंग यांचीच चर्चा झाली आणि ती योग्यच होती. पण आकार अचूक साधलेला उघडा कण प्रकाशाच्या बाबतीत फार कंजूष असतो, ही गोष्ट त्या उत्साहात मागे पडली.

(दृश्य : फळ्यावर काढलेली कणाची आकृती.)

इतक्या लहान कणात अणूंचा मोठा वाटा पृष्ठभागावरच असतो, आणि पृष्ठभागावरच्या अणूंना सगळ्या बाजूंनी शेजारी मिळत नाहीत. त्यांचे काही बंध मोकळे राहतात. प्रकाश शोषून उत्तेजित झालेला इलेक्ट्रॉन या मोकळ्या बंधांमध्ये अडकला, की त्याची ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेच्या रूपाने निघून जाते. झिंक सल्फाइडचे कवच हे मोकळे बंध बांधून घेते. शिवाय ऊर्जापट्ट्यांमधील अंतर, म्हणजे इलेक्ट्रॉन उत्तेजित होण्यास लागणारी किमान ऊर्जा, कॅडमियम सेलेनाइडमध्ये सुमारे १.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर झिंक सल्फाइडमध्ये त्याच्या दुपटीहून अधिक असल्याने इलेक्ट्रॉनला कवच ओलांडणे अवघड जाते आणि तो गाभ्यातच राहून प्रकाश देतो. शिकागो विद्यापीठात मार्गारेट हाइन्स आणि फिलिप ग्यो-सियोने यांनी १९९६ मध्ये असे कवच चढवले, तेव्हा खोलीच्या तापमानाला शोषलेल्या दर शंभर फोटॉनांमागे, म्हणजे प्रकाशाच्या कणांमागे, सुमारे पन्नास फोटॉन प्रकाश म्हणून परत मिळाले. या क्षेत्राच्या इतिहासात १९९६ला १९९३च्या शेजारी बसवले पाहिजे.

(दृश्य : सिरिंज पंप. थेंब पडताना जवळून.)

कवच चढवण्याची रीत गाभ्याच्या अगदी उलट आहे. तिथे घाई हवी होती, इथे संयम हवा. तापमान उतरवलेले आहे आणि जस्ताची व गंधकाची संयुगे थेंबाथेंबाने आत जात आहेत. संक्रांतीचा हलवा करताना तिळावर पाक चमच्याचमच्यानेच सोडावा लागतो, घाईने ओतला तर तिळाला काटा येण्याऐवजी परातीत साखरेचे गोळे होतात; इथेही रसायन भराभर सोडले, तर ते गाभ्यावर बसण्याऐवजी झिंक सल्फाइडचे स्वतंत्र कण तयार करते आणि सारा माल वाया जातो. दुसरी अडचण स्फटिकजालाची आहे. दोन्ही पदार्थांतील अणूंच्या अंतरांत सुमारे बारा टक्के तफावत असल्याने कवच ताणले जाते. एक-दोन अणुथरांपर्यंत हा ताण निभावतो. त्यापुढे कवचात दोष पडू लागतात आणि प्रकाश पुन्हा उतरतो. म्हणून पुष्कळदा मध्ये कॅडमियम सल्फाइडचा थर दिला जातो, कारण त्याचे अंतर दोघांच्या मधले आहे.

(दृश्य : सेंट्रिफ्यूज, मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पडदा.)

ॲसिटोनने कण खाली बसवून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून आणि टोल्यून या द्रावकात पुन्हा विरघळवून ते स्वच्छ केले जातात. त्यानंतरचा प्रश्न अधिक कठीण आहे : कवच खरोखर बसले आहे, हे सिद्ध कसे करायचे? सूक्ष्मदर्शकाच्या या चित्रात गाभा आणि कवच यांच्यामधली रेघ शोधू नये. ती सहसा दिसत नाही. दिसतो तो केवळ थोडा मोठा झालेला कण. म्हणून शेकडो कणांचे व्यास मोजून आधीची व नंतरची सरासरी ताडून पाहावी लागते. शोषण वर्णपट, म्हणजे कण कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषतात त्याचा आलेख, किंचित लाल बाजूला सरकतो, अणूंमधली अंतरे सांगणाऱ्या क्ष-किरण विवर्तनातील रुंद शिखरे झिंक सल्फाइडच्या दिशेने झुकतात, आणि उत्सर्जनाचे शिखर उंचावते. यांपैकी एकच पुरावा हाती घेऊन कवच चढले असे जाहीर करणे हा या क्षेत्रातला जुना मोह आहे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने नॅनोकणांवर आणि आवरण चढवलेल्या कणांवर दीर्घकाळ काम केले. मराठी विद्यार्थ्यांना हा विषय घराजवळ शिकता आला तो अशा विभागांमुळे.

(दृश्य : दूरचित्रवाणीचे दुकान. रंगीत पडदे.)

असे कण आज दूरचित्रवाणीच्या पडद्यांत आहेत आणि पेशींच्या प्रतिमांकनातही वापरले जातात. कॅडमियम विषारी असल्याने युरोपीय संघाने विद्युत उपकरणांतील त्याच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या आहेत, आणि अनेक उत्पादकांनी त्याऐवजी इंडियम फॉस्फाइडचा गाभा स्वीकारला आहे. उघड्या इंडियम फॉस्फाइडचा प्रकाश कॅडमियम सेलेनाइडपेक्षाही क्षीण असतो, त्यामुळे त्यावर झिंक सेलेनाइड आणि झिंक सल्फाइड अशी दोन कवचे एकावर एक चढवण्याची पद्धत रूढ झाली आहे.