शेवटच्या ड्रिपरपर्यंत

मंडळी, पत्रिकेवर ‘नवकल्पना समाजात कशा पसरतात’ असं छापलंय. तिथे पोचेनच. पण आधी ठिबकच्या नळीत शिरू, कारण या विषयावरचा माझा सगळा राग त्याच नळीत तुंबलाय.

आपल्याकडे ठिबक ‘पसरलं’ म्हणजे काय? संच बसला, फोटो निघाला, अनुदान खात्यावर आलं. अल्पभूधारकाला ५५ टक्के, इतरांना ४५, वर राज्याची भर. तिथे मोजदाद संपते. दोन-तीन उन्हाळ्यांनी त्याच नळ्यांचं वेटोळं बांधावर पडलेलं दिसलं की अहवालात लिहायचं: ‘प्रबोधनाची गरज आहे.’ हे वाक्य बहुधा रबरी शिक्क्यावरच कोरलेलं असावं. (हसू नका, शिक्केवाले पहिल्या रांगेत बसलेत.)

प्रबोधनाने तुंबलेला ड्रिपर, म्हणजे नळीतून थेंब थेंब पाणी सोडणारं बारीक तोंड, उघडत नाही. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. नळी उन्हात तापली की चुना सुटतो आणि जेमतेम मिलिमीटरभर वाटेत बसतो. ओळीच्या टोकाची झाडं आधी सुकतात. शेतकरी दोन तास जास्त पाणी सोडतो. त्याने टोकाचं झाड तहानलेलंच राहतं आणि अलीकडच्या झाडांची मुळं मात्र कुजायला लागतात. मग तो म्हणतो, ठिबक चालत नाही. त्याच्या जागी तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात?

उपाय साधा आहे. आपल्याच विहिरीचं एक लिटर पाणी घ्या, त्यात थोडं थोडं ॲसिड घालत पीएच (पाणी किती आंबट, ते सांगणारा आकडा) ४ वर आणा, किती लागलं ते लिहून ठेवा. समजा २ मिली लागलं. संच ताशी १०,००० लिटर सोडत असेल, तर १५ मिनिटांत २,५०० लिटर, म्हणजे ५ लिटर ॲसिड. ते व्हेंच्युरीतून, म्हणजे वाहत्या पाण्याच्या ओढीने द्रव आत खेचणाऱ्या जोडातून, सोडायचं आणि शेवटच्या ड्रिपरशी पीएचची पट्टी धरायची. पहिल्या ड्रिपरशी धरून उपयोग नाही, तिथे ॲसिड पोचणारच. शेवटी ४ दिसला की पंप बंद. चोवीस तासांनी सबमेनचा, म्हणजे नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या जाड पाइपचा, व्हॉल्व्ह उघडा, मग नळ्यांची टोकं उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. टोकं न उघडता पंप सुरू केला, तर सुटलेला चुना पुन्हा ड्रिपरमध्येच जाऊन बसतो. संडास धुवायचं ॲसिड वापरणार असाल तर ते बऱ्याचदा पातळ केलेलं असतं, म्हणून मोजमापही त्याच बाटलीतलं घ्या. हातमोजे घाला. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. आणि शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर द्यायची तर वेगळ्या दिवशी, नळ्या धुऊन झाल्यावर. दोन्ही एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता सांगा, ही पीएचची पट्टी तुमच्या गावात कुठल्या दुकानात मिळते?

बघा, शांतता. माझं म्हणणं एवढंच आहे. नवी गोष्ट किती जणांनी घेतली हे ती किती दिसते यावर ठरत असेल, पण ती टिकते कुठवर, हे पट्टी, वॉशर, ग्रोमेट (नळीच्या जोडातली रबरी कडी) आणि ते बसवणारा माणूस किती लांब आहे यावर ठरतं. द्राक्षबागेत ठिबक टिकलं. बागायतदार शहाणे आणि बाकीचे खुळे म्हणून नव्हे. बागेला खत ठिबकमधूनच जातं, त्यामुळे नळीकडे रोज लक्ष असतं. फॉस्फरिक ॲसिड स्फुरदासाठी दिलं तरी जाता जाता नळीही धुतं. शिवाय सुटे भाग विकणाऱ्याचं पोट तिथे वर्षभर भरतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, सात मिनिटं. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता धावत.

रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवामधल्या संकरित मक्याचा अभ्यास छापला. २५९ शेतकरी, दोघे सोडून सगळ्यांनी १९२८ ते १९४१ मध्ये बियाणं स्वीकारलं. सर्वाधिक जणांना माहिती दिली विक्रेत्याने, पण पटवलं शेजाऱ्याने. नवकल्पना कशा पसरतात याचे नामवंत अभ्यासक एव्हरेट रॉजर्स त्याच आयोवाचे. त्यांच्या वडिलांनी संकरित मका टाळला होता; १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा उभा आणि यांचा कोमेजलेला. पुढे १९६२ मध्ये रॉजर्स यांनी पाच कसोट्या मांडल्या: फायदा दिसतो का, आपल्या रीतीत बसतं का, समजायला सोपं का, थोडक्यात करून बघता येतं का, इतरांना दिसतं का. नवं स्वीकारणाऱ्यांत अडीच टक्के आघाडीवर, सोळा टक्के सर्वांत मागे, ती प्रसिद्ध घंटेसारखी आकृती. घेतलेली गोष्ट लोक सोडूनही देतात, हेही त्यांनी लिहिलंय. आपण मात्र आकृतीच तेवढी उचलली.

आणि मक्याचं उदाहरण ठिबकला लावताना जपून. संकरित बी एका तुकड्यात पेरून बघता येतं, फसलं तर पुढच्या वर्षी नको. ठिबकला अर्ध्या एकरासाठीही फिल्टर, व्हॉल्व्ह, मेन लाइन लागतेच. चाचणीचाच खर्च मोठा. बी दर हंगामात नवं, त्यामुळे विक्रेता दरवर्षी दारात. नळी एकदा विकली की विक्रेता गेला. म्हणून माझी मागणी अशी: अनुदानाचा काही भाग रोखून ठेवा आणि तिसऱ्या वर्षी शेवटच्या ड्रिपरखाली भांडं धरून, पाणी मोजून मगच तो द्या. ताशी ४ लिटरचा ड्रिपर असेल तर पंधरा मिनिटांत एक लिटर भरलं पाहिजे.

चिठ्ठी क्रमांक दोन. थांबतो. वाळूच्या फिल्टरबद्दल ज्यांना विचारायचंय, त्यांनी चहाच्या टेबलाशी गाठा.