जुना कॅम्पिंग ट्रेलर घेताना

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस उघडला की आपल्या साताऱ्यातली माणसं घरात थांबत नाहीत. कुणी बामणोली धरतं, कुणी तापोळा, कुणी चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडं निघतं. त्यात आता नवी हौस आलीय, गाडीमागं कॅम्पिंग ट्रेलर ओढत न्यायची. आत गादी, छोटा ओटा, पाण्याची टाकी. लाइट नाही, नळ नाही, अशा माळावर उभा केला की झालं घर. नवा ट्रेलर सगळ्यांना परवडत नाही, म्हणून लोक जुना शोधतात. आज त्या जुन्या ट्रेलरबद्दलच बोलायचंय. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो: आधी छप्पर, मग चाकं, आणि सोलर सगळ्यात शेवटी. परत सांगतो, आधी छप्पर, मग चाकं, मग सोलर. लोक बरोब्बर उलटं करतात.

कागदांचं दोन वाक्यांत उरकतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानं ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच धरलाय, म्हणजे त्याचं आरसी वेगळं हवं. चेसिस नंबर पेन्सिलीनं कागदावर उठवून घ्या, आरसीशी ताडा, बँकेचा बोजा उतरलाय का बघा.

आता आमच्या दाजींची गोष्ट. दाजींना पुण्याकडं असा एक ट्रेलर सापडला. फोटोत एकदम चकाचक. दाजी बयाणा घेऊनच निघाले होते. आक्का म्हणाली, "आण्णांना संगं घेतल्याशिवाय एक रुपाया द्यायचा नाही."

आण्णा म्हणजे कोरेगाव रस्त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणारे मिस्त्री. जन्मात कधी कॅम्पिंगला गेलेले नाहीत, पण अ‍ॅक्सल आणि वेल्डिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कुणी नाही. ट्रॉल्यांवरून आठवलं. उसाच्या सीझनला रात्री बिगर रिफ्लेक्टरची ट्रॉली अचानक पुढं आली की छातीत धस्स होतं. मागं एक लाल पट्टी चिकटवायला असा काय खर्च येतो हो? कारखान्यानं गेटवरच अडवायला पाहिजे अशी ट्रॉली. असो.

तर आम्ही तिघं पोचलो. मालक मोठे अगत्यशील. दार उघडलं आणि आतून अगरबत्तीचा भपकारा आला. दाजी म्हणाले, "वा, प्रसन्न वाटतंय." आण्णा उंबऱ्यातच थांबले. म्हणाले, "पाव्हणं, एवढी अगरबत्ती कशापाई?" मालक म्हणाले, "आज गुरुवार ना." आण्णांनी मान हलवली आणि विचारलं, "पाण्याचा पाइप हाय का?"

मालकांना वाटलं, हातपाय धुवायचे असतील. आण्णांनी शिडी मागितली, पाइप छपरावर नेऊन ठेवला आणि पाणी सोडलं. धार मोठी नाही, रिपरिप पाऊस पडावा एवढीच. मग खाली येऊन वट्ट्यावर बसले. चहा आला, गप्पा झाल्या, दुसरा चहा आला. दाजींची चुळबूळ चाललेली. मालक दोनदा म्हणाले, "बास की आता, टाकीतलं पाणी संपेल." आण्णा म्हणाले, "आमच्याकडं पाऊस असा चहापुरता येत न्हाई."

अर्ध्या तासानं आण्णा बॅटरी घेऊन आत गेले. छताकडं बघितलंच नाही. थेट मागच्या कोपऱ्यातलं गादीवरचं कपाट उघडलं. आत बल्बची वायर होती, त्या वायरीवरून पाण्याचा एक थेंब सावकाश उतरत होता. होल्डरपाशी येऊन थांबला, फुगला आणि टप्पकन् खाली पडला. त्याच्यामागं दुसरा. मालक म्हणाले, "सकाळी गाडी धुतली होती, त्याचं असेल." आण्णा काही बोलले नाहीत. कोपऱ्यातल्या वॉलपेपरची कड त्यांनी उचलली, मालकांना विचारूनच हं, आणि आतल्या प्लायवूडवर अंगठा दाबला. अंगठा पेरभर आत गेला. चहात बुडवलेल्या खारीगत ते प्लाय झालं होतं, काळंठिक्कर. मग अगरबत्तीखालचा कुबट वास आम्हालाही यायला लागला.

आणि गंमत बघा, भोक त्या कोपऱ्यावर नव्हतंच. चांगलं दोन हात पुढं होतं. कुणीतरी छपरावर सामानाचं कॅरियर बसवताना स्क्रू आरपार मारले होते आणि वरनं लुकण थापली होती, आपण दोन कांड्या मळून लावतो ती. ती वाळली की दगड होते. रस्त्याच्या हादऱ्यानं तडकते आणि पाणी आत शिरतं. शिरलेलं पाणी तिथंच टपकत नाही, पत्र्याखालून, पट्टीवरून, वायरीवरून वाट काढत लांब जाऊन दिसतं. म्हणून डाग दिसला तिथं भोक शोधू नका, वरच्या अंगाला शोधा. अंगठा दाबायच्या जागा म्हणजे चारी कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, आणि छपराला जिथं जिथं काही ठोकलंय ती प्रत्येक जागा.

आण्णांचा निकाल असा, "घ्यायला हरकत न्हाई, सांगाडा शाबूत हाय. छपराचं पैसं किमतीतनं काढा." घासाघीस होऊन तसंच झालं. कॅरियर काढलं, कुजलेलं प्लाय कापून मरीन प्लाय बसवलं, प्रत्येक स्क्रूखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे फट बुजवायचा रबरासारखा लगदा. सिलिकॉन वापरू नका, पुढच्या वेळी त्यावर दुसरं काही धरत नाही.

वेळ भराभर चाललीय. चाकं. टायरची नक्षी बघून भुलू नका. उभा राहून राहून टायर म्हातारा होतो, बाजूला बारीक भेगा पडतात. टायरवर चार आकडे असतात, 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर बदला. चाक जॅकवर उचलून हातानं फिरवा, खरखर आली किंवा चाक डुगडुगलं तर बेअरिंग बघा. वजनाचं म्हणाल तर एकूण भाराचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हुकावर हवा. मागं जास्त झाला की खंबाटकी घाट उतरताना शेपूट डुलायला लागतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, तेव्हा टाकी मागच्या टोकाला नको.

आता सोलर. आपण लाइटबिलावरच्या युनिटमध्येच बोलू. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे सव्वा युनिटच्या आत. साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर त्यातलं निम्मंच वापरा, नाहीतर लवकर बसते. बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज दिवसाला साधारण अर्धं युनिट खातो. 200 वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात पाऊण युनिटभर देतं, पण ते माण-खटावच्या उन्हात. पाऊस म्हसवडला वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास, महाबळेश्वरला 5000 च्या वर, आणि जिल्हा एकच! जुलैत महाबळेश्वरकडं जाऊन पॅनेलला दोष देऊ नका. आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच हवा. लोक हजारोंचा स्पीकर घेतात आणि फ्यूज विसरतात. तो स्पीकर घरीच ठेवला तर कोयनेकाठची पाखरंसुद्धा दुवा देतील.

शेवटचं, गॅस. घरच्यासारखंच, नळी नवी घाला, सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा. फक्त इथं खोली लहान, आणि हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की तळाला साचतो. म्हणून ट्रेलरच्या तळाशी जाळी असते. थंडी वाजते, डास येतात म्हणून त्या जाळीत लोक फडकी कोंबतात. जुना ट्रेलर घेतलात की पहिली ती फडकी उपसून काढा.

नमस्कार.