गुंठ्याएवढा ठिपका

श्रोतेहो, नमस्कार.

सायबेरियातील नोरिल्स्क हे शहर उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे आहे. निकेल आणि तांब्याच्या खाणींवर जगणाऱ्या या शहराला उर्वरित रशियाशी जोडणारा रस्ता नाही, रेल्वेमार्गही नाही. असे असूनही 29 मे 2020 रोजी तेथील वीजकेंद्राची इंधनटाकी फुटून 20 हजार टनांच्या आसपास डिझेल सांडले, तेव्हा अंबारनाया नदीत पसरलेला तांबडा पट्टा सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांच्या चित्रांत साऱ्या जगाला दिसला. ही चित्रे सांगलीत घरबसल्या, विनामूल्य पाहता येतात.

या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद तुकडा, आपल्या हिशेबाने जवळजवळ एक गुंठा. त्यामुळे खडी क्रशरमागची दगडखाण दरवर्षी किती गुंठ्यांनी डोंगर खात गेली, हे घरात बसून मोजता येते. तिला परवानगी कितीची होती, हे मात्र कागदच सांगणार. शिवाय कारखान्यामागून ओढ्याला मिळणारी हातभर रुंदीची गटार त्या एका गुंठ्यात गवत, बांध आणि चिखल यांच्याबरोबर एकरंग होऊन जाते, आणि तिचा वास तर कोणत्याच चित्रात येत नाही.

रंगांचाही एक चकवा आहे. अवरक्त किरणे वापरून केलेल्या चित्रात हिरवे पीक लालभडक दिसते. वाळव्याकडचा ऊस अशा चित्रात पाहून कोणी घाबरले, तर त्यात त्याचा दोष नाही. चित्र कोणत्या किरणांचे आहे, हे आधी विचारायला हवे.

धातू गाळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही, पण तो अतिनील किरणे शोषतो. त्यावरूनच 2017 मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-5पी उपग्रहावरील उपकरण त्याचा माग काढते. या मोजणीला सूर्यप्रकाश लागतो, आणि नोरिल्स्कमध्ये ऐन हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. तेवढा काळ धुरांड्यांवर ही नजर नसते.

आपल्याकडे नजर अडवण्याचे काम ढग करतात. पावसाळ्यात कृष्णेचे पात्र आठवडेच्या आठवडे झाकलेले राहते. सेंटिनेल-1 चे रडार ढगांतून आरपार पाहते आणि पुराचे पाणी कुठवर चढले ते दाखवते, परंतु त्या पाण्याचा रंग त्याला कळत नाही.