मुलांसाठी टॅब घ्यावा का? आधी पुस्तकाचं पान मोजा

(टेबलावर दहावीचं गणित भाग २, शेजारी ८.७ इंची आणि ११ इंची असे दोन टॅब.)

नमस्कार. जूनच्या अखेरीस आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतात, आणि त्याआधी नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांत आईबाबांचा एक प्रश्न ठरलेला असतो: लेकरासाठी टॅब घेऊ का? आमचं मत आधीच सांगून टाकतो. व्हिडिओ बघायला म्हणून घेत असाल तर नका घेऊ. त्याला घरातला मोबाइल आणि टीव्ही पुरतो. टॅब घ्यायचा तो पुस्तकाचं अख्खं पान एका नजरेत दिसावं म्हणून.

आता हे बघा. (छोटा टॅब ए-फोर कागदावर उभा ठेवून) हा कागद २१ सेंटिमीटर रुंद आहे. ८.७ इंची टॅबची स्क्रीन उभी धरली तर रुंदी भरते साधारण साडेअकरा. म्हणजे पान जवळजवळ निम्मं झालं. (मोठा टॅब ठेवून) ११ इंची टॅबवर रुंदी पावणेपंधराच्या आसपास, म्हणजे मूळ पानाच्या सत्तर टक्के. एवढ्यात अक्षर डोळ्यांना ताण न देता वाचता येतं.

फरक कुठे पडतो ते वर्तुळाच्या धड्यात कळतं. छोट्या टॅबवर आकृतीतली बिंदूंची नावं वाचायला पान मोठं करावं लागतं. मोठं केलं की खालची सिद्धता स्क्रीनबाहेर जाते. कोन कुठला हे बघायला वर, पायरी वाचायला खाली. चार वेळा असं झालं की मूल पुस्तक बंद करून दुसरं काही उघडतं, आणि मग आपण म्हणतो, टॅबमुळे पोरगं बिघडलं. अहो, पानच दिसत नव्हतं त्याला!

म्हणून दुकानात व्हिडिओ लावून बघू नका. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत आहेत. भूमितीचं पुस्तक डेमो टॅबवर उघडायला सांगा, टॅब उभा धरा आणि मोठं न करता आकृतीखालची ओळ मुलालाच वाचायला लावा. वाचता आली तर पुढे बोला.

रॅम, म्हणजे एका वेळी उघडी ॲप सांभाळणारी मेमरी, ६ जीबी घ्या. ४ जीबीवर टॅब चालतो, पण अर्ध्या स्क्रीनवर पीडीएफ आणि अर्ध्यावर ऑनलाइन वर्ग सुरू केला की मागचं ॲप बंद पडतं, पीडीएफ पुन्हा पहिल्या पानापासून उघडते. स्टोरेज १२८ जीबी. ६४ मधले पंधरा-वीस जीबी सिस्टीमच घेते आणि तासाभराचं डाउनलोड केलेलं लेक्चर सहज ३०० ते ५०० एमबी खातं. असा टॅब साधारण १५ ते २५ हजारांत बसतो. आणि हो, सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते खरेदीआधी विचाराच.

सिमचा घ्यावा की नुसता वायफायचा? घरी ब्रॉडबँड असेल तर वायफायचा पुरे. पण घरातलं नेट म्हणजे बाबांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट असेल, आणि बाबा सकाळी ड्युटीला जात असतील, तर दिवसभर टॅबला नेट नाही. अशा घरात सिमवाला घ्या, नाहीतर आदल्या रात्री धडे उतरवून ठेवायची सवय लावा.

टॅबच्या स्क्रीनवर लिहायच्या पेनावर दहावीपर्यंत पैसे घालू नका, हे आम्ही ठासून सांगतो. बोर्डाचा गणित भाग २ चा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा, आणि तो कागदावर हातानेच लिहायचा असतो. सराव वहीत व्हायला हवा. टॅब समोर पुस्तकासारखा स्टँडवर उभा. अकरावीनंतर नोट्ससाठी पेन घ्यायचंच असेल, तर शे-दोनशे रुपयांचं रबरी टोकाचं नको. स्क्रीनला ते म्हणजे बोटच वाटतं, तळहात टेकला की रेघोट्या उठतात आणि मूल हात अधांतरी धरून लिहितं. दहा मिनिटांत मनगट भरून येतं. टॅबच्याच कंपनीचं, त्या मॉडेलला चालणारं पेन घ्या आणि तळहात टेकवून दोन ओळी लिहून बघा.

दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवर पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करताना बऱ्याच स्वस्त टॅबचा कॅमेरा अडतो, कारण त्याला ऑटोफोकस नसतो. जवळ नेलं की कोड धूसर. टॅब वीत-दीड वीत लांब धरा, नाहीतर कोडखाली छापलेली सहा अक्षरं ॲपमध्ये टाइप करा. तेच पान उघडतं.

आता टॅबला काय जमत नाही. प्रकल्प टाइप करणं, एक्सेलचे मोठे तक्ते, कोडिंग, यासाठी लॅपटॉपच हवा. वर्डच्या मोबाइल ॲपमध्ये १०.१ इंचांपेक्षा मोठ्या स्क्रीनवर फाइल बदलायला पैसे भरून सदस्यत्व लागतं. ११ इंची टॅब घेतल्यावर लोकांना हे कळतं. गूगल डॉक्स मोफत चालतं. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी संगणकावर माउसने द्यायच्या परीक्षा आहेत, म्हणून शेवटचे सराव पेपर तरी संगणकावर सोडवा. अकरावीला विज्ञान घेणारं मूल ओबीसी, व्हीजेएनटी किंवा एसबीसी प्रवर्गातलं असेल, तर आपल्या नागपूरच्याच महाज्योती या सरकारी संस्थेच्या, प्रवेश परीक्षांच्या प्रशिक्षण योजनेत टॅब मोफत दिला गेला आहे. यंदाची जाहिरात आधी बघा, मग दुकानात जा.

घरात दोघं भावंडं असतील तर सेटिंग्जमध्ये वेगवेगळे वापरकर्ते बनवता येतात का ते तपासा. काही कंपन्या ही सोय काढून टाकतात. आयपॅडवर घरगुती वापरात ती नाहीच. लहान मुलाचा टॅब पहिल्यांदा सुरू करतानाच त्याच्या नावाचं गूगल खातं बनवा आणि आपल्या मोबाइलवर फॅमिली लिंक, म्हणजे मुलाच्या टॅबवर लक्ष ठेवायचं गूगलचं ॲप, टाका. झोपेची वेळ साडेनऊ, नवं ॲप आपल्या परवानगीशिवाय नाही. आठवडाभर मोकळा टॅब दिल्यावर कुलूप लावायला गेलात तर रोज भांडण होईल.

शेवटी उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. ॲपल आपले आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतं. तेव्हा दुपारी गादीवर, उशीखाली चार्जिंग नको; फरशीवर किंवा लाकडी टेबलावर, पहाटे किंवा रात्री लावा. टॅबने मधेच चार्जिंग थांबवलं, स्क्रीन मंद केली, तर तो बिघाड नाही, बॅटरी वाचवण्यासाठी तो स्वतःच थांबतो. कव्हर काढा, पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये मात्र कधीच नाही, आत पाणी धरतं. कूलरच्या तोंडाशीही नको, तुषार चार्जिंगच्या खाचेत जातात.

आणि दर महिन्याला एकदा टॅब सपाट काचेवर पालथा-सुलटा ठेवून बघा. (टॅब काचेवर ठेवून, कोपरा बोटाने दाबून) असा डुलायला लागला, किंवा स्क्रीनची कड उचललेली दिसली, तर बॅटरी फुगली आहे. त्याच क्षणी बंद करा, चार्जर लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, आणि थेट सर्व्हिस सेंटरला न्या.